चौपेडी वेणी

रविवार संध्याकाळ, माजिवडा

डोंबिवलीहून, ताईकडून आत्ताच परतले. तिच्या लेकीने, मुक्ताने, ताईचं विसरणं आज पुन्हा समजावलं. तिचं संशोधनच त्यावर आहे. "मावशी, डीएनएला एरवी दोन पेड असतात. वय झालं की मेंदूच्या पेशींत कुठे कुठे चार पेड गुंतून बसतात, सुटत नाहीत. आईच्या विसरण्यामागे तेही असेल. अजून खात्री नाही."

चार पेड! लहानपणी कॉन्व्हेंटात दोन साध्या वेण्यांचा नियम, म्हणून ताई रविवारी हौसेने माझी चौपेडी घालायची.

मग आज मीच फणी घेऊन ताईपुढे बसले. बोटं काही विसरली नव्हती. माझ्या विरळ, पांढऱ्या केसांची चौपेडी तिने एकदाही न चुकता घातली. मला वाटलं, ओळखलं हिने. गप्प बसायचं ना! पण विचारलंच, "ताई, मी कोण गं?"

"कोण का असेना. उठा आता. आमची बेबी यायची वेळ झाली. तिच्या जागेवर परकं कोणी बसलेलं तिला खपत नाही."

बेबी मीच. सांगायला हवं होतं का?

तिने हिसके देत वेणी सोडली. चारही पेड किती पटकन सुटले.