झाकलेली ओळ

४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे बरे असाल. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र भावोजींच्या दुकानात देऊन जाते आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

इकडे ठीक. दवाखान्यात माझी जागा बदलली, आता खिडकी मिळाली आहे. काम तेच, आकड्यांचं. ऑक्टोबरात स्तनांच्या तपासणीचं शिबिर झालं, त्याचा अहवाल मीच करते. तूही आली होतीस. मी नोंदणीला बसलेली पाहून तू मुद्दाम शेजारच्या टेबलावर नाव दिलंस.

त्या अहवालात फनेल चार्ट असतो. नरसाळ्यासारखा, वर रुंद, खाली निमुळता. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात टप्पे लिहायचे, दुसऱ्यात आकडे. दोन्ही निवडून चार्टच्या यादीतून फनेल घेतला, की आडव्या पट्ट्या एकाखाली एक मांडल्या जातात. नोंदणी ६४०, तपासणी ५८८, संशयास्पद ७१, कळवलं २६, दुसरी तपासणी २४. मी पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं, निळ्या छटा दिल्या, आकडे पट्ट्यांवर आणले. हौसेनं केलं गं.

डिसेंबरात आमच्या प्रमुख मॅडमनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "एकाहत्तर आणि खाली सव्वीस? वर काय उत्तर देऊ मी?"

"फोन करणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, मॅडम. बदली कुणी आलंच नाही. पंचेचाळीस जणींना कळवायचं राहिलंय."

"कळवू ना. आत्ता ती एकाहत्तरची ओळ झाक. पुसू नकोस, नुसती झाक."

ओळ झाकली की चार्टमधली तिची पट्टी आपोआप जाते. मग ५८८ च्या खाली थेट २६. बघणाऱ्याला वाटावं, बाकीच्या सगळ्या निरोगी. त्यात सव्वीसपैकी चोवीस आल्या म्हणजे काम झकास! माझं कंत्राट त्याच महिन्यात वाढवायचं होतं. मी झाकली. कळवणं माझं काम नाही, अशी मनाची समजूत घातली. त्या पंचेचाळीस जणींची यादी त्याच फाईलमध्ये, पुढच्या पानावर होती. मी ती उघडलीसुद्धा नाही.

काल नवा अहवाल करायला बसले. ओळ अजून झाकलेलीच. या वेळी यादी उघडली.

एकोणिसावं नाव तुझं आहे, ताई.

आई गेली तेव्हा भरल्या घरात, पाहुण्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "तू तिला वेळेवर दाखवलं नाहीस." दीड वर्ष तू माझ्याशी बोलली नाहीस, ते बरोबरच केलंस. आणि तुझा अहवाल तीन महिने माझ्याच फाईलमध्ये पडून होता.

आज सकाळच्या बैठकीत मी ती ओळ उघडली, पट्टी लाल केली आणि चार्ट पडद्यावर लावला. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे मागच्या वेळी नव्हतं."

"होतं, सर. मॅडमनी झाकायला सांगितलं आणि मी झाकलं."

त्यांनी लगेच फोन मागवला आणि यादी माझ्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत एकतीस जणींना कळवून झालं. माझ्या नोकरीचं काय होईल ते होवो.

संशयास्पद म्हणजे आजार असेलच असं नाही. पण गुरुवारी सकाळी दहाची तुझी वेळ घेतली आहे. माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

अजूनही स्वतःला तुझी बहीण म्हणवणारी,
बारकी


१२ मार्च

बारके,

गुरुवारी तू फाटकापाशी उभी होतीस, पाहिलं मी. थांबले नाही, कारण थांबले असते तर रस्त्यातच ओरडले असते तुझ्यावर.

अहवाल आला. गाठ आहे, आणि साधी नाही. पण लहान आहे, पसरलेली नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी त्यांना सरळ विचारलं, डिसेंबरात आले असते तर? त्या म्हणाल्या, "आणखी लहान असती. पुढचे उपचार कदाचित कमी लागले असते." तुझे भावोजी म्हणत होते, हे तिला कळवू नकोस. मी कळवते आहे, कारण तू स्वतः जाऊन विचारल्याशिवाय राहिली नसतीस.

तुझी नोकरी गेल्याचंही भावोजींकडूनच कळलं.

माफ केलं, असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. आईच्या वेळचा राग वेगळा, हा वेगळा. दोन्ही अजून आहेत. पण त्या यादीतल्या एकीनं मला दवाखान्यात विचारलं, "तुम्हाला पण मंगळवारीच फोन आला का?" तेव्हा मी तिला म्हटलं, "मला पत्र आलं. माझ्या बहिणीचं."

सोमवारी ऑपरेशन आहे. भावोजींचा धीर आत्ताच सुटलाय, ते काही बाहेर एकटे बसू शकायचे नाहीत. सकाळी सातला घरी ये, बरोबरच निघू. वाटेत माफी मागू नकोस, मला तेव्हा रडायचं नाहीये.

तुझी वाट बघणारी,
ताई