मधोमध काय लिहायचं

२ एप्रिल १९८७, गुरुवार

येडशीच्या डोंगरातली माकडं आता आमच्या डाळ मिलच्या टाकीत अंघोळीला यायला लागली! टँकर तीन दिवसांतून एकदा, आणि पहिला मान त्यांचा. आज एक पिल्लू आत पडलं. तेच पाणी सगळ्यांनी प्यायलं, दुसरं कुठं होतं?

कल्याणप्पा मिस्त्रीला म्हटलं, "कुठूनही आणा, पण आजच्या आज टाकीवर जाळी टाका." संध्याकाळी जाळी बसली. चांगली जाड, लोखंडी. बायका म्हणाल्या, "बाईंनी सांगितलं म्हणून झालं." फुगले. एरवी हजेरी कारकुनाचं कोण ऐकतं!

५ एप्रिल

माकडं जाळीवर बसून पाण्याकडं बघतात. आमचे संचालक चेअरमनच्या खुर्चीकडं बघतात तसे.

८ एप्रिल, बुधवार

सुमनबाईचा पदर मोटरच्या पट्ट्यात गेला. ओढली गेली, पार खांद्यापर्यंत — आणि लुगडं टर्रकन फाटलं. जुनं, विरलेलं होतं म्हणून वाचली. नवं असतं तर हात गेला असता. दुष्काळानं आयुष्यात एकदा कुणाचं तरी भलं केलं! दंड सोलपटून निघालाय. आणि ही बया अर्धं लुगडं धरून ओरडतेय, "तिकडं तोंडं करा की मेल्यांनो!"

घरी येऊन मात्र चहा दोनदा सांडला.

पट्ट्यावर जाळी असते. ती नव्हती. कुठं गेली? कल्याणप्पा मान खाली घालून म्हणाला, "म्या काढली." कशाला, ते न सांगता पट्टा सोडवायला वाकला. तात्याराव चेअरमननी त्याला तिथंच कामावरून काढलं. मोटर बंद. बरं झालं. वीस वर्षांचा मिस्त्री आणि इतका बेफिकीर!

१० एप्रिल

फॅक्टरी इन्स्पेक्टर बुधवारी येणार. तात्याराव म्हणाले, "तुम्ही सोलापूरला शिकून आलात न्हवं? तो कोळ्याचा कागद काढा."

कोळ्याचा कागद! सुरक्षेच्या शिबिरातला तो चष्मेवाला दोन दिवस तेच सांगत होता — मधोमध धोका लिहा, त्याला कोळ्याच्या पायांसारख्या फांद्या काढा, प्रत्येक फांदीला 'का' विचारा, मग फांदीला फांदी. म्हणे, मनाचा नकाशा. माझ्या मनात तेव्हा फक्त जेवणाची सुट्टी होती.

विचारलं, "मधोमध काय लिहायचं?"

"संस्थेची प्रगती."

"अहो, अपघाताचं आहे ते."

"मग कल्याणप्पा लिहा. हाय काय अन् न्हाय काय!"

लिहिलं. फांदी एकही फुटेना.

१३ एप्रिल, सोमवार

कागद बायकांपुढं धरला. जाईबाई म्हणाली, "बाई, आमाला अक्षर काळं ते काळंच. भुईवर काढा." मग डाळ वाळवायच्या ओट्यावर रांगोळीनं काढला. मधोमध पट्टा. आणि काय फांद्या फुटल्या! एकीनं पदर काढला, एकीनं वेणी. गिरिजाबाईनं मुकादम काढला — नुसता उघडा जबडा, दिवसभर 'चला, चला' म्हणणारा.

"त्यानं बघितलं तर गं?"

"बघू दे. रांगोळीवर पाय देतोय व्हय?"

आला. आणि खरंच कडेकडेनं, अंग चोरून गेला! मोटरभोवती पिवळी रेघ मारलीय, ती सगळे तुडवतात. रांगोळी मात्र कुणी तुडवत नाही. हसून हसून पोट दुखलं.

शेवटी जाईबाईनं कोपऱ्यात माकड काढलं. शेपटीसकट.

"हे कशाला?"

"तुमीच म्हणला ना, 'का' इचारा? जाळी का निघाली? माकडापायी." माकडापासून टाकी, टाकीपासून थेट पट्ट्यापर्यंत तिनं रेघ ओढली. "टाकीवरची ती पट्ट्याचीच की. तुमाला ठावं न्हवतं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. सुमनबाईलासुद्धा. दंडाला फडकं बांधून ती समोरच बसली होती.

"मग बोलला का नाही कुणी?"

"मिस्त्रीच म्हणला, बाईंचं नाव काढू नगा. मागं कुणी न्हाय त्यांच्या, एका पगारावर घर हाय."

त्याच्या घरी सहा तोंडं आहेत.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून बुद्धवंदनेला बसले. 'खोटं बोलणार नाही' हे शील आलं, तसं ते गाळून पुढचं म्हटलं. डोळे मिटले की माकड.

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी २ तारखेचं पान काढून वाचलं. 'कुठूनही आणा.' अक्षर माझंच.

जाळी परत पट्ट्यावर बसवून घेतली. माकडं खूश. मग कागद घेतला, कल्याणप्पाचं नाव खोडलं.

इन्स्पेक्टर साहेबांनी चष्मा वर केला. "मधोमध हे कुणाचं नाव?"

तात्याराव माझ्याकडं बघायला लागले.

"माझं," म्हटलं.