धाकटीची जागा

२४ ऑक्टोबर
पोचलो! ग्लासगोची बस दरीच्या तोंडाशी थांबली, पुढे मेंढ्यांच्या गाडीतून. वाटेत एका कुत्र्याशी दोस्ती झाली, त्यातच दुपार गेली, ते असो. इथल्या जुन्या चालीरीती जपणाऱ्या स्वयंसेवकांची म्होरकी इशबेल. मुक्काम तिच्याकडेच. माझे हात बघून म्हणाली, हे तर लोणी, काम करणार की पावाला लावायचे? तिची चिमुरडी कर्स्टी माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नाही. पिसासारखी हलकी.

२६ ऑक्टोबर
आज दगडांचं घर पाहिलं. गुडघ्याएवढं, गवती छपराचं. त्यात म्हातारी, म्हातारा आणि त्यांची धाकटी, तिघंही दगड. इशबेल म्हणते, पूर्वी मोठे होते, झिजत गेले. उन्हाळाभर बाहेर बसतात. साविनला, म्हणजे हिवाळा लागतो त्या दिवशी, धुऊन आत ठेवायचे आणि दार शेवाळाने लिंपायचं. यंदा धुण्याचा मान माझा. पाडलंस तर म्हातारी तुला सोडायची नाही, म्हणून इशबेल खदखदून हसली.

३१ ऑक्टोबर, साविन
दगड धुताना ओढ्यात पाणमांजर दिसलं. बघत राहिलो आणि धाकटी हातातून निसटली. दोन तुकडे. कुणी पाहिलं नाही. तुकडे पाण्यात सोडले, तसाच दुसरा गोटा नेऊन दिला. इशबेलने तो म्हातारीला खेटून ठेवला, दार लिंपलं, माझी पाठ थोपटली. माझी व्हिस्की गुपचूप गवतात ओतली.

२ नोव्हेंबर
माझा गोटा आमच्या उंबऱ्यावर. दगडांच्या घराचं लिंपण मात्र जसंच्या तसं. गुपचूप ओढ्यात फेकला.

३ नोव्हेंबर
परत उंबऱ्यावर. ओला. इशबेल कर्स्टीला चिडवत होती, किती लापशी हाणलीस गं, उचलवत नाहीस.

५ नोव्हेंबर
कर्स्टी गार पडलीय. डॉक्टरला काही सापडेना. तिच्याखाली खाटेची फळी मोडली. इशबेल म्हणाली, तू तिचा लाडका, तूच बस जवळ. बसलो. सांगायला तोंड उघडलं — आणि हवेबद्दल बोललो.

६ नोव्हेंबर
पोर बोलत नाही. गालावर शेवाळ — मी पुसलं. पुन्हा —

७ नोव्हेंबर
सांगितलं. सगळं. इशबेल ओरडली असती तर बरं. एवढंच म्हणाली, म्हातारीचं लेकरू गेलंय रे, ती कुणाचं तरी नेणारच. दगडांच्या घराचं लिंपलेलं दार फोडलं. म्हातारीशेजारी जागा रिकामी. गुडघे टेकले, म्हटलं, तुझी धाकटी मी मोडली. मला घे.

दुपार
अंगणात कर्स्टी धावतेय. हसतेय. मला हाका मारतेय — उठावं तर पाय —
इशबेल ढकलगाडी घेऊन दारात आलीय. माझ्याकडे बघत नाही. तिला विचारायचंय, म्हातारीच्या एवढ्याशा दारातून मी आत कसा — झिजेन म्हणा, हळूहळू — बोटं वाकत ना