तीन ब्रेक आणि एक खांदा

४ जून, बुधवार

केनाने सकाळी येऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर कॉफीचा डबा उपडा केला. वाटलं, नातीने आजीला कॉफी आणली! निघाली तीन लोखंडी नळकांडी, दोन्ही कुशींना फटी असलेली. बंदुकीच्या तोंडाला लावायचे ब्रेक म्हणे. लेथवाल्या हॉलिसने दिलेत— वापरून बघ, एक ठेव, बाकीचे परत आण.

मग अर्धा तास शिकवणी. (बोलायला लागली की थांबत नाही. कोणावर गेली कोण जाणे!) गोळीमागून जो वारा सुटतो तो फटींतून बाजूला निघतो, म्हणून बंदूक खांद्यावर कमी आपटते आणि जागची हलत नाही. हलली नाही की आपली गोळी कुठे लागली ते आपल्याच डोळ्यांनी दिसतं. "आजी, पहिली कुठे लागली ते दिसलंच नाही, तर दुसरी कुठे मारू?" खरंच की. पीठ हाताला कळल्याशिवाय मी तरी पाणी किती घालणार?

फटींत बोट घालून बघितलं. बोटाला तेल लागलं, तेच बोट रानचेरीच्या जॅमच्या बरणीला. माझा म्हातारा व्हर्जिल म्हणाला, आज जॅम जरा वेगळाच लागतो!

६ जून, शुक्रवार

लिहायचं राहिलंच— यंदाची जोडीची स्पर्धा आमच्या कुरणात आहे! क्लबवाले येऊन टेकडीवर पोलादी पाट्यासुद्धा टांगून गेले. जोडीत बंदूक एकच. एकाने पालथं पडून मारायचं, दुसऱ्याने शेजारी लोळून दुर्बिणीतून सांगायचं, मग पालटायचं. पण केनाची जोडीदार कोरली हिला आठवा महिना, डॉक्टर म्हणाले आवाजाच्या जवळही जायचं नाही. एकवीस तारखेच्या सकाळपर्यंत दुसरं कोणी मिळालं नाही, तर पोर स्वतःच्याच कुरणात पाहुण्यांना बीन्स वाढत बसणार. वर्षभर तिने या एका दिवसासाठी सराव केलाय.

मी म्हटलं, आधी माणूस बघ, मग ब्रेक. घोड्याआधी खोगीर कोण घेतं?

"खोगीर मऊ असलं की घोडा लाथ मारत नाही, आजी."

घ्या!

७ जून, शनिवार

तीन नावं सुचवली. ड्यूई— "तो दहा पावलांवरूनही चुकीचंच सांगेल." पोस्टातली मार्लिस— "तिची जीभ थांबेपर्यंत वारा दिशा बदलतो." पाद्रीबाबा— "आजी!!"

बरं, पाद्रीबाबांचं माझंच चुकलं.

९ जून, सोमवार

आज सगळ्यात मोठा ब्रेक लावला. जोडीदाराच्या जागी तात्पुरती मी. कानात बोळे, वर जाड कानझाकणं, तरी पहिल्याच बाराला टोपी उडाली आणि गालावर कोणीतरी ओला टॉवेल फटकारावा तसं झालं. व्हर्जिल ओसरीवर आला. "पाऊस आला का?" त्याला वर्षानुवर्षं कोंबडा ऐकू येत नाही, हे ऐकू आलं!

मग केना म्हणते, आता तू मार. मी? मेंढ्याने फाटकात चेपल्यापासून आणि डॉक्टरांनी खांदा उघडून शिवल्यापासून माझी हरणं मारायची बंदूक खुंटीवर आहे. त्याआधी दर हिवाळ्याचं मांस मीच आणायची, व्हर्जिल नाही— तो फक्त गोष्टी सांगायचा. खुंटीकडे मी बघतही नाही हल्ली. पण ही बंदूक म्हणजे लोखंडाचा ओंडका, तिवईवर ठेवलेला. चाप ओढला. वासराने नाकाने ढोसावं इतकंच!

माझं मत सांगून टाकलं. मारणारीला मऊ गादी, शेजारणीला थप्पड. या ब्रेकपाशी कुठलाही जोडीदार टिकायचा नाही.

१२ जून, गुरुवार

बारका ब्रेक. शेजारी लोळायला अगदी सुख, डुलकी लागेल. पण मी मारताना खांद्याला ठोसा, आणि पाटी बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पार निघून गेली. लागली की नाही, देव जाणे. केनाच्या मात्र चारही लागल्या. "हा नको," म्हणाली लगेच.

"अगं, तुला तर चालला!"

"मला एकटीला चालून काय करू?"

खांद्याला गरम पाण्याची पिशवी घेऊन लिहिते आहे. ती दारातून दोनदा डोकावून गेली.

१४ जून, शनिवार

माझ्या चादरी!!

मधल्या ब्रेकची पाळी. बार झाला आणि धुळीचा असा लोट उठला की केनाला पाटीच काय, टेकडी दिसेना. तिसऱ्या बाराला रडकुंडीला आली, म्हणे हॉलिसने भंगार दिलं. मी वळून बघते तो उजवीकडच्या दोरीवरच्या चादरी तपकिरी! डावीकडच्या तशाच पांढऱ्या. मी बोंब मारली. केना चादरींकडे बघतच राहिली, मग कपाळावर हात मारून हसायलाच लागली. बाईसाहेबांनी घाईघाईत ब्रेक तिरका आवळला होता! फटी आडव्या नीट दोन्ही बाजूंना बघायला हव्यात, तर उजवीकडची जमिनीकडे तोंड करून फुंकत होती.

हसलीस ना? मग आता धू.

धुतल्या. बऱ्या निघाल्या.

१५ जून, रविवार

प्रार्थनेहून आलो ते तडक कुरणात. फटी आडव्या करून घट्ट केलं. ब्रेक बदलला की गोळी भलतीकडेच लागते, म्हणून आधी कागदावर मारून नेम परत जागेवर आणला. मग केनाने मारल्या— धूळ नाही! मी शेजारी होते, गाल शाबूत, टोपी शाबूत.

मग मी.

पाटी दुर्बिणीत जागची हलली नाही. आणि तिच्या पोटावर राखाडी ठिपका उमटताना मी बघितला, माझ्या या डोळ्यांनी! टण्ण आवाज नंतर आला. मी ओरडले की काय माहीत नाही, पण मेंढ्या पळाल्या.

हाच ब्रेक. मी सांगितलं, केनाने मान डोलावली.

१८ जून, बुधवार

हॉलिस उरलेले दोन न्यायला आला आणि तीन वेळा बीन्स घेऊन बसला. म्हणाला, "काय केना, जोडीदार मिळाला म्हणे?"

"मिळाला. अजून विचारलं नाही."

असं कुठे असतं का? मी म्हटलं, बिचाऱ्याला सांग तरी वेळेवर! दोघंही ताटात बघून हसत होते. नंतर बघितलं तर पोर बंदुकीचा खांद्याला टेकायचा दस्ता आत सरकवून आखूड करत होती. एवढी ताडमाड बाई! म्हटलं, तुझी हनुवटी गुडघ्याला लागेल. "असू दे, आजी."

२० जून, शुक्रवार

बीन्स भिजत घातले. व्हर्जिल वाढणार म्हणे. व्हर्जिल! काय चाललंय या घरात?

२१ जून, शनिवार

घाईत लिहिते. केनाने माझे बूट दारात आणून ठेवले आणि विचारलं, "आजी, पहिल्या पाटीला आधी तू की मी?"

मी म्हटलं— मी.