चिखल सोडून दिला

१२ जानेवारी १९८७

सरांनी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत दिलं. सगळीकडे लाल रेघा. 'खाडीवरची उपजीविका' या भागात मी गावातल्या बायकांचं काम लिहिलं होतं. ओहोटीला चिखलात उतरायचं, निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायची, बाजारात नेऊन विकायची. समासात सरांचा शेरा : 'ही पूरक कामे. मासेमारी म्हणजे होड्या व जाळी. वगळावे.'

म्हटलं, सर, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा आमची चूल या चिखलावर पेटते.

"अभ्यासक म्हणून लिहा. मुलगी म्हणून नको."

एम.ए.ला पर्यावरण आणि विकास घेतलं ते कशासाठी, तेच विसरायला लावणार हे लोक. बस पूल ओलांडेपर्यंत मनात भांडत होते. चांगलं उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर. नेहमीसारखं.

१५ जाने. पौर्णिमा

ओहोटी पहाटेच. आयबरोबर चिखलात उतरले, किती महिन्यांनी. शेजारच्या बामाकाकीने सगळ्या बायांदेखत टर उडवली, "आली गो, एम.ए.वाली! जपून, पदवीला चिखल लागंल." पहिल्या दहा पावलांत मी मांडीपर्यंत रुतले. काकीनेच ओढून काढलं. वर म्हणते, "पुस्तकात वाचून उतरली काय?"

चिखलात ओळीने खुंट ठोकलेत. डोक्याला लाल रंग. बंदराच्या पलीकडे, थेट खारफुटीपर्यंत. कसले?

काकी म्हणाली, "हापिसाचा मानूस ठोकून गेला. बोलला, गावाला म्हाइत हाय."

कुठल्या गावाला? इथे तीसेक बाया होत्या. एकीलाही माहीत नव्हतं. आय पाटी भरत राहिली.

१६ जाने.

बाबांना विचारलं. गावकीच्या पाच पंचांपैकी ते एक. वाटलं होतं, टाळतील. उलट खुशीत सांगायला बसले. नवीन वसाहतीसाठी बेलापूरच्या सरकारी ऑफिसला सगळा किनाराच भराव टाकून हवा होता. गावकी अडून बसली. शेवटी बंदर वाचवलं, होड्या लावायची जागा वाचवली. त्याच्या बदल्यात पलीकडचा चिखल सोडून दिला. भरावाचं काम गावातल्याच पोरांना. माझा मोठा भाऊ दादूसही महिनाअखेरपासून डंपरवर जाणार.

"बंदर राखला आमी! चिखलच तर दिला."

"बायकांना विचारलंत?"

"बाया कवा बसल्या गावकीत?"

चेहऱ्यावर लबाडी असती तर बरं झालं असतं. नव्हती. पाच शहाणी माणसं देवळात बसून भांडली, जिंकली म्हणून नारळ फोडून घरी आली आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की तो चिखल म्हणजे घरोघरच्या बाईचं शेत आहे. माझ्या सरांच्या डोक्यात तरी कुठे आलं? मासेमारी म्हणजे होड्या व जाळी!

राग इतका आला की जेवले नाही. आय म्हणाली, "तुज्या रागाने भात उरला, दुसरा काय झाला?"

१९ जाने.

बेलापूरला ऑफिसात गेले. साहेब तरुण, फार सभ्य. खुर्ची दिली, चहा मागवला.

"गावाची संमती आहे, मॅडम. ठराव झालाय."

"गावातल्या अर्ध्या माणसांना तो ठाऊक नाही."

"मग ते तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आम्ही गावच्या अंतर्गत बाबतीत पडत नाही."

किती सोयीचं! जमीन हवी तेव्हा अगदी आतपर्यंत येतात. बायकांना विचारायची वेळ आली की गावचं अंतर्गत. वर म्हणतो, "तुम्ही शिकलेल्या. विकास तुम्हाला समजावून सांगायला नको."

चहा तसाच ठेवून उठले. त्याने काय फरक पडतो कुणास ठाऊक. पण ठेवला.

२४ जाने.

चौथं प्रकरण लिहून काढलं. नाव : 'गावाची संमती'. ऑफिसने कुणाला विचारलं, कुणाला मुद्दाम विचारलं नाही, ते लिहिलं. गावकीने जे आपलं नव्हतं ते दिलं, तेही लिहिलं. पंचांची नावं दिली. बाबांचं लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

सरांना आवडलं! "धाडसी आहे," म्हणाले. मग चष्मा पुसत, "ऑफिसचा भाग मात्र काढा. पुरावा कमी पडतो. गावकीचा ठेवा. ग्रामीण पुरुषसत्तेचं उत्तम उदाहरण."

सर त्याच ऑफिसच्या सल्लागार समितीवर आहेत. सगळ्या विभागाला माहीत आहे.

म्हणजे लाल खुंट ठोकणारा साहेब सुटला आणि आरोपी कोण, तर माझा बाप. चौथी शिकलेला, 'माजी पोर बी.ए. हाय' असं बस कंडक्टरलासुद्धा सांगणारा. विद्यापीठाच्या लायब्ररीत कायमचा उत्तम उदाहरण म्हणून उभा!

सरांना म्हटलं, दोन्ही राहतील नाहीतर दोन्ही जातील. म्हणाले, "मग माझ्या सहीचं मला बघावं लागेल." सहीशिवाय प्रबंध घेत नाहीत.

२९ जाने. अमावास्या

भराव सुरू. पहिला डंपर खारफुटीच्या कडेला रिकामा झाला. दादूसचा नव्हता. दुसरा त्याचा.

"मी नाय टाकली तर बाजूच्या शिरवण्याचा कोन तरी टाकील," असं म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी पंचांची नावं लिहिली हे बाबांना कळलंय. मीच काल दादूसला भांडणात बोलले. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. फक्त आयला म्हणाले, "तुज्या लेकीला इचार, माजा नाव काडून तिला काय भेटनार?"

आयने मला मागच्या पडवीत बसवलं, प्रकरण वाचून दाखवायला लावलं. सगळं. शेवटी म्हणाली, "ह्ये शिकलेले लोक वाचतील. गावात कोन वाचनार?"

"कुणी नाही."

"मंग गावातला गावात बोलाया लागंल."

आणि कालवं फोडायला बसली.

१ फेब्रुवारी, रविवार

हे देवळाच्या पायरीवर बसून लिहितेय.

सकाळी गावकी बसली. पंच, पंचवीस-तीस पुरुष. इतक्यात आय आली. मागे बामाकाकी, मागे बाकीच्या. ओहोटीवरून सरळ. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पाट्या. बाई देवळात येते ती पाय धुऊन, आणि गावकी बसली की येतच नाही. आज दोन्ही मोडलं.

एक म्हातारा पंच म्हणाला, "निदान पाय तरी धुवा गो."

"धुतले तर कवरा चिखल गेला ता कसा दिसंल तुमाला?" बामाकाकी. कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.

आय बाबांच्या समोर बसली. त्यांना नावाने ती कधी हाक मारत नाही, आजही नाही मारली. "पंचांनू," म्हणाली, "बंदर तुमचा, तुमी राखला. चिखल आमचा. आमाला न इचारता कसा दिला?"

बाबा उठले. वाटलं, बाहेर जाणार. गेले नाहीत. मग म्हणाले, "इचारला नाय. ह्ये खरा हाय."

तेवढंच. त्यावर पंचांत जी भांडणं लागली ती अजून चालू आहेत. शब्द दिलाय, आता मागे कसं यायचं? पोरांची कामं जातील त्याचं काय? निम्मे म्हणतात, उद्या ऑफिसात जाऊ. निम्मे म्हणतात, बायांनी गावाची लाज काढली. ऑफिस गावकीचं ऐकेल की ठराव दाखवेल? दाखवेलच.

उद्या प्रबंध द्यायची शेवटची तारीख. सरांची सही नाही. आता बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं तेही लिहायला हवं, म्हणजे चौथं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून.

तिकडे डंपर थांबलेले नाहीत, रविवार असून. आय आतच आहे. दोनदा सांगून झालं तिला, आता घरी जा. तिच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडलाय. ती उठत नाही.