शौचाच्या डबीबद्दल आभार

कोकुरा,
२ नोव्हेंबर

चि. सौ. चिझुको हिला थोरल्या नणंदेचा, म्हणजे फुसाएचा, आशीर्वाद.

इकडे आता सकाळी फरशीवर पाय टेकवत नाही इतका गारठा सुरू झालाय. तुमच्या मोजी बंदरात तर समुद्रावरचं वारं थेट खिडकीतून आत येत असेल. योशिहिकोचा खोकला कसा आहे? माझा भाऊ लहानपणापासून छातीचा नाजूक, हे तुला मी लग्नातच सांगितलं होतं, त्यामुळे नंतर तक्रार चालणार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? (फोनवर तो म्हणाला की तुझे गुडघे अगदी ठणठणीत आहेत. माझ्याहून तू चारच वर्षांनी लहान, तरी ठणठणीत. असू देत बाई, छान आहे.) मी बरी आहे असं लिहायची रीत आहे आणि एरवी मी डोळे मिटून लिहिलंही असतं, पण तुझ्या कृपेने मी बरी नाही हे आता छापील कागदावर आलंय, रंगीत आलेखासकट.

तर आधी आभार. वडीलधाऱ्यांच्या दिवसाला दुसऱ्यांच्या भावजया शाल पाठवतात, चहा पाठवतात, वाळवलेली मासळी पाठवतात. माझ्या भावजयीने शौच तपासायच्या दोन डब्या पाठवल्या, एक मला आणि एक ह्यांना, वर सोनेरी फीत बांधून. पोटातले जंतू मोजून मिळतात म्हणे. मी ती फीत सोडली तेव्हा शेजारच्या बाई चहाला आल्या होत्या आणि भावजयीने काय पाठवलंय ते बघायला मीच त्यांना मोठ्या कौतुकाने जवळ बोलावलं होतं, ते जाऊ दे. आलेल्या भेटीच्या निम्म्याची तरी परतभेट करायची हे आईने आपल्याला शिकवलंय. पण ह्या भेटीचं निम्मं म्हणजे काय पाठवायचं, ह्या विचारात मी पंधरा दिवस काढले, म्हणून आभार उशिरा पोचतायत.

आणि सोबतची ती चिठ्ठी! 'वन्सं, मी करून बघितली, मला अ श्रेणी आली, तुम्हीही बघा ना.' चिझुको, आता खरं सांगते, ती चिठ्ठी वाचून मला आनंद झाला नाही. माझ्या पोटात दुखलं. शाळेत तुला गणितात काय मिळत होतं ते योशिहिकोने मला कधीच सांगितलंय. आणि आता अडुसष्टाव्या वर्षी तुला अ मिळतो, तोही शौचाला! मी चिठ्ठी फ्रिजवर लावली, मग काढली, मग हे विचारतील म्हणून परत लावली.

तपासणी काही सोपी नव्हती. भांड्यातल्या पाण्यावर कागद अंथरायचा, त्यावर जे व्हायचं ते होऊ द्यायचं, मग काडीने चार ठिकाणी खरवडून काडी नळीत बंद करायची. माहितीपत्रकावर एक हसरी मुलगी हे सगळं करताना दाखवलीय, तिला कुणीतरी विचारायला हवं की बाई गं, कशाचं एवढं हसू येतंय. पण आमचा संडास आपोआप झाकण उघडणारा आणि आपण उठलो की आपोआप पाणी सोडणारा. (तुमच्याकडे बसवला म्हणून आम्ही बसवला, हे तुला माहीतच आहे. तुमच्यापेक्षा एक बटण जास्त आहे.) पहिल्या दिवशी मी काडी घ्यायला उठले आणि माझ्या डोळ्यांदेखत कागद, नमुना, सगळं गरगरत गेलं. दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही, बसल्या बसल्या मागे वळले. कमरेत उसण भरली, आणि मी उठले असं समजून त्या यंत्राने पुन्हा पाणी सोडलं. मग तीन दिवस काही झालंच नाही. पोटालाही अपमान कळतो. सहाव्या दिवशी ह्यांनी भिंतीतला प्लग उपटून हातात धरला आणि दाराबाहेर उभे राहिले, तेव्हा कुठे काम झालं. ह्यांचं स्वतःचं मात्र पहिल्याच गुरुवारी झालं होतं. कुठे, विचारलं तर म्हणाले, बाहेर. मी म्हटलं असेल कुठेतरी, पटावर गो खेळतात त्या क्लबात सोय असेल. त्यावर पुढे येतेच.

पोस्टात खिडकीवरच्या पोराने पाकीट वर धरून विचारलं, आत खाण्याची वस्तू आहे का. मी म्हटलं, एकेकाळी होती. मागे रांगेत माझ्या काव्यवाचन मंडळातल्या तिघी उभ्या होत्या. तेव्हापासून मी मंडळात गेलेले नाही.

डबीसोबत एक प्रश्नावली होती. रोज काय खाता, किती खाता, आंबवलेले पदार्थ खाता का. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: आईच्या कोंड्यात मुरवलेली भाजी, रोज, दोन्ही वेळेला. आणि का लिहू नये? आई जाताना तिच्या बरणीतल्या, रोज हाताने ढवळून जिवंत ठेवलेल्या तांदळाच्या खारवलेल्या कोंड्याचे दोन वाटे करून गेली, एक तुला नि एक मला. आता तुला वाटा बरणीसकट मिळाला, ती आजीच्या वेळची तपकिरी चिनी मातीची बरणी, आणि मला माझा वाटा पत्र्याच्या डब्यात मिळाला, झाकण नीट न बसणाऱ्या. मी थोरली, मी पोटची, मी साठ वर्षं त्या बरणीच्या वासात वाढलेली. तू आलीस हिरोशिमाहून, तुला तर पहिल्यांदा त्या वासाने मळमळलं होतं. पण बरणी तुला. त्यावर मी बारा वर्षांत एक अक्षर बोललेले नाही, आताही बोलत नाही, नुसतं लिहून ठेवतेय.

अहवाल आला. पोटात म्हणे तीन तऱ्हेचे जंतू असतात, चांगले, वाईट, आणि जिकडे सरशी तिकडे जाणारे. (आपला योशिहिको तिसऱ्यातला.) माझ्या पोटात ह्या तिसऱ्यांचा नुसता सुळसुळाट आणि चांगले औषधापुरते. माझी श्रेणी ड. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'निराश होऊ नका.' आणि ह्यांची? अ! माझ्या घरात, माझ्या हातचं, माझ्याच ताटातलं जेवणारा माणूस, जो भाजीतला कांदा वेचून बाजूला ठेवतो, तो अ आणि मी ड. त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे बिचारे आपले कागद चष्म्याजवळ धरून पुन्हापुन्हा वाचत होते. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं लक्षपूर्वक त्यांनी काही वाचलेलं मी पाहिलं नाही.

अहवालासोबत औषधाच्या दुकानात मोफत सल्ल्याची चिठ्ठी होती. तिथली मुलगी गोड होती, हातानाका नावाची, पण म्हातारी माणसं बहिरी असतात असं तिला शाळेत शिकवलं असावं. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने ह्यांचं अभिनंदन केलं. मग माझ्या कागदाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, आजी, तुम्ही कोंड्यातलं रोज खाता असं लिहिलंय, पण त्याची काही खूण मला तरी दिसत नाही हो. आजोबांच्या पोटात मात्र भरपूर दिसतेय. मी म्हटलं, नमुने बदलले असतील. ती म्हणाली, तसं झालेलं नाही, एका अहवालात पुरुष आहे आणि एकात बाई. मी म्हटलं, मग यंत्र बिघडलं असेल. ती म्हणाली, असेलही, नक्की कोण सांगणार, पण आजी, मला तर वाटतं आजोबा बाहेर खातात.

आजोबांनी आपल्या बुटांकडे बघितलं.

घरी येऊन मी चहा केला नाही. समोर बसवलं आणि विचारलं, कोण आहे ती? चिझुको, देवाशपथ सांगते, दुसरी बाई असती ना, तर मी दोन दिवस रडले असते, ताटं आपटली असती आणि तिसऱ्या दिवशी भात लावला असता. पण हे म्हणाले, मोजीची बरणी. गुरुवारी गोचा डाव चारला संपतो आणि साडेचारला हे तुमच्या स्वयंपाकघरात! गरम भात, त्यावर ओतलेला कोरा चहा, बाजूला कोंड्यातून आत्ता काढलेली काकडी. सात वर्षं! आणि डबीचंही कार्य तिथेच उरकलेलं, कारण म्हणे तुमच्या संडासाचं आपोआपचं बटण कुठून बंद होतं ते ह्यांना ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला तुमच्या संडासाची बटणं ठाऊक आहेत, आणि आमच्याकडे मात्र कपड्याच्या यंत्राचं झाकण कसं उघडतं ते अजून विचारतात.

का, विचारलं. घरी मिळत नाही का? तर म्हणाले, "फुसाए, सासूबाईंच्या हातचं मी बत्तीस वर्षं खाल्लंय. बाजारातलं मला कळतं गं." ह्यांना काय कळतंय! मी ते तिथेच उडवून लावलं. मग विचारलं, चिझुकोला काय सांगितलंत? तर म्हणे काही सांगितलं नाही, पहिल्याच दिवशी तिने काही न विचारता वाढलं. आणि सात वर्षांत एकदाही काही विचारलं नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. काय माहीत होतं ते मी इथे लिहीत नाही, पण माहीत होतं. तू आईच्या प्रत्येक श्राद्धाला माझ्या शेजारी गुडघे मोडून बसलीस, मी आणलेलं लोणचं देवापुढे ठेवलंस, स्वतः खाल्लंस आणि म्हणालीस, वन्सं, छान मुरलंय. तुझ्या अ श्रेणीचा मला राग आला होता, बरणीचा आला होता, ह्यांच्या काकडीचा तर अजून येतोय. पण सात वर्षं तू गप्प बसलीस, ह्याचा जितका हेवा वाटला तितका कशाचाच नाही वाटला. मला नसतं जमलं. मी योशिहिकोला त्याच संध्याकाळी फोन केला असता.

असो. पत्र लांबलं. येत्या वीस तारखेला आईचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध, देवळात सकाळी अकराला भेटूच. नाकात्सुची मावशी येणार आहे, एक्याण्णव वर्षांची असली तरी तिची जीभ अजून शाबूत आहे. योशिहिकोला गळ्याला गुंडाळायला सांग. तुझ्या गुडघ्यांना जप. सगळं तुझंच चांगलं असावं असं नाही, पण गुडघे असू देत.

तुझी,
फुसाए

ता. क. ह्यांना गुरुवारी खुशाल वाढ, मी अडवलेलं नाही. फक्त वांगं देऊ नकोस, ते खारट होतं आणि ह्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र मग मला ओरडतं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं ते. चिझुको, माझा वाटा मेला. आई गेल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात. आम्ही आठ दिवस होक्काइदोला गेलो होतो, डबा रोज ढवळायला शेजारणीला सांगायचं माझ्या डोक्यातून गेलं. आले तर वर काळी बुरशी आणि असा वास, की मी दारातच खाली बसले. वरचं काढून खालचं वाचतंय का बघितलं, मीठ घातलं, मोहरी घातली, महिनाभर रोज आईची माफी मागत ढवळत राहिले. नाही वाचलं. शेवटी अंगणात पुरलं. ह्यांना सांगितलं, डबा जुना झाला म्हणून बदलला. तेव्हापासून श्राद्धाचं लोणचं बाजारातल्या इवाए आजीकडून आणते, तुला माहीतच आहे. ह्या उन्हाळ्यात इवाए आजीने दुकान बंद केलं. वीस तारखेला मी मावशीपुढे काय ठेवू? आणि मावशीचं सोड, माझ्या घरात आईचं काही उरलेलं नाही गं. ह्यांच्या पोटात आहे, तुझ्या पोटात आहे, एका माझ्याच पोटात नाही, आणि आता ते कागदावर छापून आलंय. मूठभर कोंडा देशील? डब्याचं झाकण ह्या वेळी नीट बसतं.

ता. क. तिसरा. चमच्याने काढू नकोस, हाताने काढ, नेहमी घालतेस तसा कोपरापर्यंत हात घालून. आईचा हात त्यात आता कितीसा उरला असेल, बारा वर्षं तूच ढवळतेस. म्हणजे मला मिळेल ते बहुतेक तुझ्याच हातचं असणार. चालेल. (हा एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणून वरची तारीख जुनी आहे.)