साफ फिल्म

बाबा, तुमची ती फिल्म चुकली होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता कुणाशी भांडतेस, असं आई म्हणते. पण मला भांडायचंच आहे.

मी नववीत होते. जेवण झालं की बेंबीच्या उजवीकडे, खाली, पिळवटून दुखायचं. महिनाभर तुम्ही ऐकून घेतलं आणि एका रविवारी स्कूटरवर मागे बसवून मला सदरच्या दवाखान्यात, तुमच्या एक्स-रेच्या खोलीत नेलं. सुट्टीच्या दिवशी, कुण्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. "श्वास रोख. हं, सोड." फिल्म तुम्हीच धुतली, वाळवली आणि घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीला धरली. अख्ख्या दवाखान्यात तुमच्यासारखी नजर कुणाची नव्हती. हाडाला गेलेली केसाएवढी चीर तुम्ही डॉक्टरांच्या आधी दाखवायचात. त्याच नजरेनं तुम्ही माझं पोट बघताय, आणि मी आईच्या मागे उभी आहे.

"साफ आहे. काही नाही तुह्या पोटात. काहून वं नाटक करून राहिली?"

"पण मले दुखते, बाबा."

"फिल्म खोटं नाही बोलत."

आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, वर तेलाची लालभडक तर्री. तुम्ही समोर बसून मला तो खायला लावलात. मी खाल्ला. मग मोरीत जाऊन ओकले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून. त्या दिवसानंतर मी घरात कधी दुखतं म्हटलं नाही. पोरगी सुधारली, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत.

साध्या एक्स-रेत आतड्याची सूज दिसत नाही, बाबा. हाडं बघायच्या यंत्रानं तुम्ही आतडं बघायला गेलात आणि दिसलं नाही म्हणून नाहीच म्हणालात. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी दुखण्याचं नाव कळलं, क्रोन्स. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, ओसरतो, परत सुजतो. औषध कायमचं, आणि ते लागू पडतंय का हे बघायला दर काही महिन्यांनी सोनोग्राफी, कधी एमआरआय. त्याच्या आधी आतडं फुगावं म्हणून गोडसर पाण्याच्या बाटल्या तासाभरात संपवायच्या. मग बोगद्यात आडवं झालं की यंत्र सांगतं, श्वास रोखा. मी रोखते, आणि दर वेळी मला तुमचा राग येतो.

गेल्या महिन्यात सोनोग्राफीला गेले होते. डॉक्टर माझ्याहून लहान, आपल्या इकडचीच मुलगी. पोटावर थंडगार जेल लावून तिनं नेमकं तिथंच दाबलं.

"दुखते का?"

"नाही."

"खरं सांगा, ताई."

"अजिबात नाही."

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "हे पाहा. आतड्याची ही भिंत मागच्या वेळेपेक्षा दुप्पट जाड झाली. आतली वाट बारीक होऊन राहिली. अजून काही महिने गप्प बसल्या असत्या तर ऑपरेशनच होतं. कुणाले घाबरता तुम्ही?"

तुम्हालाच, बाबा. खरं बोलले तेव्हा फिल्मनं मला खोटं पाडलं, आणि खोटं बोलले तर पडद्यानं पकडलं. गप्प राहायला मी तुमच्यासमोर, त्या ताटावर शिकले. ते माझ्या आतड्यावर बेतलं. आता बस्स. तुम्ही पुन्हा खिडकीशी येऊन उभे राहिलात तरी ती फिल्म मी तुमच्या हातातून ओढून घेईन. औषध बदललंय, तीन महिन्यांनी परत तपासणी आहे, आणि या वेळी पडदा बोलायच्या आधी मी बोलणार आहे.

एवढं तावातावानं लिहिलं खरं. पण मघाशी स्वयंपाकघरातून नवऱ्यानं हाक मारून विचारलं, "काहून वं, दुखून राहिलं का?" आणि पेन हातात असतानाच माझ्या तोंडून निघालं, "नाही."

दुखतंय, बाबा. सकाळपासून दुखतंय. हे पत्र इथेच ठेवते आणि आधी त्याला जाऊन सांगते.